भारपत्रक

कोसमटोल्याच्या दवाखान्यात सकाळीच पोचलो.
हातात क्लॅम्प मीटर, खिशात पेन्सिल,
कानात ठेकेदाराचं वाक्य:
चाळीसचा लिहून टाक लांजेवार, तुझ्या खिशातून जाते का?

मोजायला लागलो.
ट्यूब चौदा, वीस वॅटच्या.
पंखे अकरा, पंच्याहत्तरचे. एक नुसताच गुरगुरतो, तोही धरला.
लसींचे दोन फ्रीज, मिळून चारशे;
कुंदा सिस्टर झाकणाला हात लावू देईनात,
पाठीमागची प्लेट वाचली मान वाकडी करून.
बाळाला ऊब देणारा वॉर्मर साडेसहाशे.
ऑक्सिजनचं यंत्र साडेतीनशे.
ऑटोक्लेव्ह दोन हजार, एकटाच,
मांडवात रुसून बसलेल्या व्याह्यासारखा.
खिडकीतला कुलर कुठल्याच यादीत नाही,
मागच्या मे महिन्यात एका बाळंतिणीच्या बापानं
आणून बसवला म्हणे. दोनशे लिहिले.

मग पंप. तीन हॉर्सपॉवर.
चालताना बावीसशे, पण उठताना
सहापट ओढतो,
चिखलातून गाडा काढणाऱ्या हेल्यासारखा.
त्या दोन सेकंदांसाठी मशीन दुप्पट-तिप्पट घ्यायचं,
आणि मोठं मशीन अर्धपोटी चालवलं
की डिझेल धड जळत नाही,
नळीतून काळं ओघळत राहतं.
लहान घेतलं तर नेमका वॉर्मर विझेल.

पंप खोडला.

"अन् पाणी?"
सुगंधा कोडापे, बादली टेकवून उभी.
"बाळंतपण का टाइम पाहून येते, भाऊ?"
म्हटलं, टाकी भरलेली असली तर रात्र निघेल.
"भरलेलीच राहते ना. सात वर्सं झाले.
लाईन आली का मी पयले टाकी भरतो.
रातच्या दोनले आली, तरी."

कागदाकडे पाहिलं.
बावीसशे वॅट, सहापट उठाव,
इतकी वर्षं हिच्या उठण्यावर चालले.
त्याला रकाना नाही.

तेवढ्यात लाईट गेली.
कुणी काही बोललं नाही.
सिस्टरनी फ्रीजवर जाड गोधडी टाकली.
पंखे एकेक करून थकले,
गुरगुरणारा सगळ्यात शेवटी.

व्हॉल्व्ह दवाखान्यामागे, रानतुळशीच्या गचपणात.
रात्री तिथं जाता कशा, विचारलं.
"मोबाईलचा उजेड राहते. एकडाव मण्यार होती.
मी थांबलो, ते गेली."

ब्लेडनं पेन्सिलीला टोक केलं.
शेवटच्या ओळीखाली लिहिलं:
व्हॉल्व्हजवळ बल्ब, एक. नऊ वॅट.
बेरीज चार हजार सातशे चौदा.
पॉइंट आठनं भागली, थोडी जागा सोडली.
दहा केव्हीए.

ठेकेदाराचा फोन वाजत राहिला.
मी सुगंधाबाईंना शिडी मागितली,
मागच्या भिंतीवरून वायर कुठून नेता येईल
ते उजेड आहे तोवर पाहायचं होतं.