धन टोक जमिनीला

पेन्झान्सच्या चढावर, समुद्राकडे पाठ करून
डेंझिल ट्रेगिअर त्रेसष्ट सालची एमजी सुरू करतो
आणि गप्प बसतो.
आधी काटा हलू दे, मग माणसांनी बोलावं.

साठ. ठीक.
इंजिन तापलं की उतरेल पन्नासावर,
लाल सिग्नलपाशी वीस, कधी पंधरा.
तेवढ्यानं घाबरायचं नसतं.
(मंगळवारी नर्स दंडाला पट्टा आवळते
तेव्हा हा विचारतो,
उभ्या गाडीत मोजताय की चालत्या?)

टॅम्सिन, नात, सुट्टीला आलेली,
फोनसाठी चार्जर जोडते डॅशबोर्डाखाली.
फट्.
वायपर गेले, वळणाचे दिवे गेले,
पेट्रोलचा काटा शून्यावर जाऊन निजला.

तो ओरडत नाही. खिशातून
पेपरमिंटच्या डबीतला फ्यूज काढतो.
चार्जर तिच्या हातात परत देतो.
गुडघ्यावर बसून, कण्हत,
अर्थिंगचा नट सोडवतो, घासतो सँडपेपरनं;
हिरवट बुरशीखाली तांबं उघडं पडतं.

‘उलटी आहे ही, पोरी.
हिच्यात धन टोक जमिनीला बांधतात,
ऋण तेवढं वायरीवायरीतून हिंडतं.
तुझ्या आजीला सांगावं लागलं नव्हतं.’

घरी येताना भुरभुर सुरू होते.
वायपर एकदा अडतात,
तो काचेवर आतून टिचकी मारतो,
निघतात.
टॅम्सिनच्या फोनमध्ये चार टक्के.
ती तो बंद करते
आणि काट्याकडे बघत बसते.