व्हर्लनचं नाव

बुधवारच्या प्रार्थनेनंतर
चर्चच्या तळघरात
मी त्याला कॉफी देऊ केली.
तो म्हणाला, नको, नुसतं गरम पाणी चालेल.
अख्ख्या हॉलनं वळून पाहिलं त्या कपाकडे,
जणू त्या पाण्यातच
कुठेतरी पाणी मुरत होतं.

एल्डन यॉर्गेन्सन. मूळचा आयडाहोचा.
बारा वर्षं झाली आर्कान्सात येऊन.
पाच मुलं, पशुखाद्याचं दुकान,
उधारीच्या वहीत एक ओळ खोटी नाही.
आता काउंटीच्या खुर्चीसाठी उभा राहिलाय,
आणि मॉर्मन आहे.

पास्टर हॅस्क्यू कुणाचं नाव घेत नाहीत.
रविवारी एवढंच म्हणाले:
येशू हा शब्द तोच असला
म्हणून येशू तोच असतो असं नाही.
दाराशी हिरव्या कागदांचा गठ्ठा ठेवला होता.
त्यांच्याकडे एक ग्रंथ जादा.
त्यांचा देव कधीकाळी माणूस होता म्हणे.
त्यांच्या आतल्या कपड्यांवर खुणा असतात.
लोरीन माझ्या कानाशी लागली, खुणा गं, खरंच!
मी म्हटलं, चौसष्ट वर्षं या बाकावर बसतेय,
मत द्यायच्या आधी
कुणाचे आतले कपडे तपासायची
ही पहिलीच वेळ.

सगळे हसले. मीही.
पण खोटं कशाला बोलू,
मला खुपतंच.
नऊ वर्षांची होते, केनी क्रीकमध्ये
मला पाठीवर पाडून बुडवलं,
मार्चचं पाणी, दात वाजत होते,
आणि वर आले ती त्याची होऊन आले.
एकट्या त्याची.
हे कुणी 'सगळे एकच हो' म्हणत
ओल्या फडक्यानं पुसायला आलं
तर मी दार लावून घेईन.

तर त्याच केनी क्रीकवरचा पूल
तीन वर्षं बंद आहे.
शाळेची बस अकरा मैल वळसा घालते.
पुलाचे पैसे डॉइल स्टॅगनरच्या काळात आले
आणि डॉइलच्या काळातच गेले.
डॉइल आपला. डीकनचा मुलगा.
त्याची साक्ष ऐकून डोळे पुसत
आपणच निवडून दिला होता.
पुन्हा उभा आहे. रडतो छान.

पण मला पुलाचं विचारायचं नव्हतं.
खुर्च्या घड्या करून ठेवत होता यॉर्गेन्सन,
कुणी सांगितलं नसताना.
मी त्याला गाठलं.
म्हटलं, तुम्ही लोक मेलेल्यांचाही बाप्तिस्मा करता.
त्यांच्या नावानं, त्यांना न विचारता.
माझा व्हर्लन जाऊन चार वर्षं झाली.
त्याचं नाव लिहिणार तुम्ही?

त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली.
म्हणाला, नियम असा आहे की
आपापल्या घरातल्यांचीच नावं द्यायची.
पण लोक नियम मोडतात.
दुसऱ्यांची शपथ मी घेऊ शकत नाही.
आणि तू?
मला ती भेट वाटते, नेट्टाबाई.
खरंच वाटते.
पण भेट कुणाच्या गळ्यात मारत नाहीत.
व्हर्लनचं नाव माझ्या एकाच वहीत आहे,
कोंबड्यांच्या दाण्याची दोन पोती.
ती त्यानं कधीच फेडली.

'छे हो, असलं काही नसतं'
एवढं म्हणाला असता
तर माझं मत त्याच्या खिशात होतं.
मला बरं वाटेल ते नाही,
आहे ते सांगितलं त्यानं.
तिथेच माझी पंचाईत झाली.

अग्निशमन केंद्रात मतदान. पडद्याआड
मी इतका वेळ उभी राहिले
की बाहेरून वांडाने विचारलं, बरी आहेस ना?
कुणाला दिलं ते लोरीनला सांगितलं नाही,
तुम्हालाही सांगणार नाही.

येताना अकरा मैलांचाच रस्ता धरला.
वाटेत स्मशान लागतं.
व्हर्लनच्या दगडावरचं शेवाळ
नखानं खरवडलं, अक्षरा-अक्षरातलं,
आणि त्याला म्हटलं, हे बघ,
तुला पुन्हा बुडवायला कुणी आलंच
तर भांडू नकोस.
एवढंच सांग, पहिल्या वेळचंच
अजून वाळलेलं नाही.