सातव्या ग्रीनचा तुकडा

फेब्रुवारीच्या अठरा तारखेला ऑरेलनं
सातव्या ग्रीनवरचा बर्फ फोडला,
गुडघ्यांवर बसला, नाक खाली नेलं.
"आंबलंय," म्हणाला. एवढंच.

बर्फाखाली गवत श्वास धरून असतं.
पन्नास दिवस. साठ.
पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही.
नाताळच्या दिवशी पाऊस झाला, रात्रीत गोठला,
तेव्हापासून शेडच्या दारामागं
तो खडूनं रोज एक रेघ ओढतोय.

करवतीनं त्यानं पावाच्या तुकड्याएवढं
गवत कापलं, खालच्या लाल मातीसकट.
माती विटेसारखी वाजत होती.
"घरी ने. उन्हाच्या खिडकीत ठेव.
पाणी घाल. लाड नकोत."

आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून
शेजारच्या सीटवर ठेवलं मी, पट्टा लावला.
रेमीनं विचारलं, हे मेलंय का?
म्हटलं, तेच बघायचंय.

भांडी घासताना समोर तेच.
पिवळं, चिकटलेलं, ओल्या कुत्र्याच्या केसांसारखं.
आणि यावरूनच जुलैमध्ये
दिवसाला अडीचशे माणसं चालली होती!
बोटीवरून उतरलेल्या बसा भरभरून.
आम्ही पहाटे साडेचारला दव झाडायचो,
भोक रोज नव्या जागी पाडायचो,
कारण चेंडू उचलला की सगळी माणसं
एकाच बाजूनं बाहेर पडतात, सँडविचच्या खोपटाकडं,
आणि तिथलं गवत बसतं ते बसतंच.
एका बाईनं वाकून हात फिरवला होता,
विचारलं होतं, खरं आहे का हो?
ऑरेलनं टोपी काढली. "दुपारपर्यंत तरी," म्हणाला.

सातव्याच्या पश्चिमेला स्प्रूसची रांग होती.
एकेका झाडाला पितळी पाटी,
एकेका दिवंगत सभासदाचं नाव.
सावलीत गवत किडकं येतं,
म्हणून ऑरेल अकरा वर्षं कमिटीपुढं उभा राहिला :
चार झाडं द्या. तीन द्या. बरं, फांद्या तरी.
मॅकॉस्लंडबाईंच्या नवऱ्याची पाटी तिसऱ्या झाडाला.
त्या नुसत्या बघायच्या त्याच्याकडं.

सप्टेंबरच्या वादळानं कोणाला विचारलं नाही.
सकाळी एकसष्ट झाडं आडवी,
चौदाव्यावर समुद्र येऊन गेलेला, शेवाळ, खेकडे,
लॉबस्टरचा एक पिंजरा, आत कोणी नाही.
वीज नऊ दिवस नव्हती.
जनरेटरवर पंप लावून आम्ही तळ्याचं गोडं पाणी
मातीतून खाली खाली ढकलत राहिलो.
ऑरेल चिमूटभर माती जिभेवर ठेवायचा,
थुंकायचा, बोट फिरवायचा : अजून चालू दे.

सातव्यावर मात्र ऊन आलं.
ऑक्टोबरभर असं ऊन की गवत दाट झालं, मऊ,
आणि तो तिथं उभा राहून काही बोलायचा नाही.
पितळी पाट्या त्यानं चिखलातून वेचल्या,
घासल्या, शेडमध्ये खोक्यात ठेवल्या.

मग डिसेंबर.
झाडं नाहीत, तर वाऱ्याला अडवणार कोण?
वाऱ्यानं बर्फाची भुकटी झाडून नेली,
उघड्या गवतावर पाऊस पडला,
काच बसली, चार बोटं जाड.
"मीच मागितलं होतं," तो एकदा म्हणाला,
पेट्रोल ओतता ओतता, माझ्याकडं न बघता.

दहाव्या दिवशी डब्याच्या कडेला
काहीतरी दिसलं. मी चष्मा घातला.
पाच-सहा पाती, सुईच्या टोकासारखी.
फोन केला.
"रंग?"
"हिरवा."
"कुठला हिरवा?"
मी डबा उचलला, उजेडात फिरवला.
"पोपटी."

पलीकडं बराच वेळ रेडिओ ऐकू येत राहिला.
पोपटी म्हणजे आम्ही पेरलेलं नव्हे.
ते आगंतुक, कुठंही बी टाकत सुटणारं,
वीस वर्षं जे तो सुरीनं खरवडत आला.
पेरलेलं गेलं होतं.

"मे महिन्यात बसा येणार," मी म्हटलं.
"हो."
"यावरच खेळतील."
"हो, खेळतील."
रेडिओवर भरतीची वेळ सांगत होते.
मग म्हणाला,
"रात्री खिडकीपासून जरा आत ठेव.
काच गार पडते."