शब्दांच्या जाती

इंदोऱ्यात, वाचनालयाच्या माडीवर,
नवतप्याचा चौथा दिवस.
संध्याकाळचे सात वाजून गेलेत
तरी भिंतीला पाठ टेकवत नाही कुणी.
मी फळ्यावर तीन खण आखते:
नाम, क्रियापद, विशेषण.
वर मथळा, सवयीनं,
बावीस वर्षं लिहिते तोच:
शब्दांच्या जाती.

बाकांवर नऊ जण.
कुणाला नर्सिंगला जायचंय, कुणाला बँकेत.
कवडू मेश्राम सांगत नाही कशासाठी येतो.
दिवसभर कूलरच्या जाळीत वुडवूल भरतो,
बोटांतली कुसळं वहीच्या पानाला अडकतात.

"कूल," मी म्हणते, "विशेषण.
कूलर म्हणजे त्याहून थंड. तेही विशेषण."
कवडू मान हलवतो.
"कूलर तं नाम व्हय, मॅडम.
सात बसवले आज. एक तिसऱ्या माळ्यावर, खांद्यानं.
विशेषण कोणी जिन्यानं चढवते का?"

मी पुस्तक चाळते.
हे लिहिलं त्या गावात
मे महिनाच नसावा.
कूलर दोन्ही खणांत लिहिते.

"अन् पाणी?" नर्सिंगवाली विचारते.
वॉटर: नाम.
वॉटर द प्लांट्स: क्रियापद.
मराठीत पाण्याला 'घाल' लागतं,
तिकडे पाणी स्वतःच कामाला लागतं.
खाडाखोड. खडू घामानं मऊ झालेला.
मग मी युक्त्या सांगते:
आधी 'द' लावून बघा,
मागे ईडी चिकटतं का बघा,
'व्हेरी' सोसतो का बघा.
आणि नुसता शब्द बघून काही ठरवू नका.
वाक्यात तो काय काम करतो
त्यावरून त्याची जात.

मागच्या बाकावर आम्रपाली खोब्रागडे.
दोन आठवड्यांत हूं की चूं नाही.
"कामावरून जात?" ती म्हणते.
"हे तं माह्या आजाले बी सांगत होते."

पंपाची घरघर तेवढी.
कूलरमधलं पाणी तळाला गेल्याचा
तो कोरडा, खरखरता आवाज.

"पूर्णविरामापर्यंतच," मी म्हणते,
माझाच आवाज मला पातळ वाटतो,
"पुढच्या वाक्यात शब्द उठतो,
दुसरं काम धरतो."
"उठू देते कोण पण?"
याचं उत्तर पुस्तकाच्या शेवटी
उत्तरसूचीत नाही.

डस्टर सापडत नाही. तळव्यानंच मथळा पुसते.
'जाती' जात नाही नीट,
पांढरट राहतेच.
वर काय लिहावं सुचत नाही.
तळवा पदराला पुसते.

कवडू बादली घेऊन खाली गेलाय.
जिन्यात त्याच्या चपला, मग बादलीचं हिंदकळणं,
पायरीपायरीनं वर येणारं.
कूलरचं झाकण उघडून तो पाणी ओततो
आणि कुणी विचारलेलं नसताना,
आमच्याकडे पाठ करून,
सावकाश म्हणतो:
"आय, कूल, द रूम."

आम्रपाली ते वहीत उतरवते.
कोणत्या खणात, मी वाकून बघत नाही.