घोरपड्याची उंची

बार्शीच्या पुढे डांबर संपतं तिथे उतरायचं,
मग साडेतीन मैल पायी, कुसळं पायमोज्यांत घेऊन.
घोरपड्या लांबून दिसत नाही.
जवळ गेलं की एकदम असतो,
माळावर पोट टेकून पडलेला, शेपूट उगवतीला.
त्या बाजूला पूर्वी मोगलाई लागायची.

मी खनिकर्मातला मोजणीदार. बत्तीस वर्षं
डोंगर ब्रासमध्ये लिहिले.
शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास,
ब्रासामागे पावती,
पावतीखाली कार्बन, आणि कार्बनचा डाग अंगठ्यावर,
जेवतानासुद्धा.

हा डोंगर वाचायला शिकवला तिम्माप्पा धोत्र्यानं.
खालनं वर वाचा, म्हणाला, पुस्तकाच्या उलटं.
तळाला काळा, घणाला उलट उत्तर देणारा.
त्यावर हातभर गेरू.
"हितं आग थांबली व्हती सायेब,
माती व्हायाला येळ गावला. मग पुन्यांदा आली."
त्यावर मांजऱ्या, भोकाभोकांचा,
आणि भोकांत गारगोट्या,
बंद खोलीत कुणी रांगोळी काढून जावं तशा.
मग मुरूम. मुरमावर तरवड, हेकळ,
माथ्यावर एक वाकडी सालई.
उतारावर सायाळीचं बीळ होतं.
चंडोल होता, तो कुठल्याच रकान्यात बसेना.

त्याच्या आज्यानं इथून जाती काढली,
एका उन्हाळ्यात सतरा,
टाकी लावून, फुंकर मारून, गाढवावर घालून.
बापानं छोट्या रेल्वेच्या रुळांसाठी खडी फोडली.
तिम्माप्पानं धरणाचे चिरे घडवले,
धरण मात्र पाहिलं नाही.
आणि भीमण्णा, त्याचा मुलगा, क्रशरच्या पट्ट्यावर.
तिथे दगड नाही म्हणत.
वीस एमेम म्हणतात. चाळीस एमेम. कच.

दुपारी एकला आरोळी: "बार हाऽऽय, बार!"
कुत्री आधीच ट्रकखाली.
मग डोंगर खोकायचा
आणि हिवरटाकळीत गोदूबाई ढेंगळ्यांच्या मांडणीवरची
एक तरी वाटी खाली यायची.
ती लगेच उचलायची नाही.
अजून दोन बार आहेत, म्हणायची, मग सगळ्या मिळून ठेवीन.

माथ्यावर मोजणीचा दगड होता,
त्रिकोण कोरलेला, मधोमध ठिपका.
कोण्या साहेबानं दुर्बीण लावून
सगळा मुलूख त्या ठिपक्याला बांधला होता.
त्याला हात लावायचा नाही, असा नियम.
नियम मीच वाचून दाखवला ठेकेदाराला.
त्यानं मान डोलावली.
दगडाभोवती पाच मीटर सोडले
आणि बाकीचा घोरपड्या नेला.

म्हणजे आता तिथे एक खांब आहे.
काळा, गेरू, मांजऱ्या, मुरूम, ओळीनं,
वर तो दगड, दगडाला टेकलेली सालई.
भोवती खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी,
पाण्यात दुसरा खांब, उलटा, वाचायला सोपा.
नकाशाप्रमाणे डोंगराची उंची बदललेली नाही.
शेवटच्या अहवालात मी तसंच लिहिलं.
खोटं नव्हतं.

निवृत्तीनंतर एकदा गेलो, उगाच.
तिम्माप्पा कडेला बसला होता, छातीत कच घेऊन.
वर कसं जायचं आता, विचारलं.
तो हसला, ते हसणं खोकल्यात गेलं,
खोकला पाण्यावरून फिरून परत आला.
"वर घुबड जातंय," म्हणाला.
मांजऱ्याच्या एका भोकात खरंच दोन कान उभे होते.
ऊन कलतं झालं तशा गारगोट्या पेटायला लागल्या,
आधी एक, मग बऱ्याच,
ज्या मी कधी धरल्याच नव्हत्या हिशेबात.

सवयीनं खिशातला टेप काढला, तीस मीटरचा.
दुसरं टोक धरायला तिम्माप्पा उठला, सवयीनंच.
आणि कुठे धरायचं,
ते दोघांनाही सुचेना.