जांभळी बॅटरी

वाळपईहून शेवटची बस सुर्ल्याला चढते तेव्हा
तिच्यात मी, दुधाचे दोन रिकामे कॅन,
पिशवीत हातोडी, छिन्नी, रद्दी पेपर.
कंडक्टर म्हाबळो विचारतो, "आयजूय खडी?"
मी हो म्हणतो. खोटं नाही ते.

चोवीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर
लाल मातीतलं लोखंड मी टक्क्यांत मोजलं.
खाण बंद पडली,
मोजायची खोड उरली.

इथे वर दगड काळा.
लाव्हा निवताना आत अडकलेले बुडबुडे
आणि त्यांत, कुणी न मागता,
वाढत गेलेले पांढरे स्फटिक.
दिवसा बघाल तर खडीसाखर, तीही मुंग्या लागलेली.

अवसेला बॅटरी लावतो, जांभळी.
कॅल्साइट गुलाबी पेटतो,
बटण बंद केल्यावरही घटकाभर तसाच,
जुन्या शेजाऱ्याचं नाव आठवायला लागतो
तेवढा वेळ.

मागल्या खेपेला कड्याच्या बुडाशी
हिरवट निळा एक तुकडा दिसला.
असा माझ्या सबंध कपाटात नाही.
वाकलो, बोटं पुढे केली,
आणि तुकडा चालू लागला
नांगी वर करून.

बसलो तिथेच.
मग बॅटरी मागे फिरवली, आलो त्या वाटेवर.
एक. तीन. बांधाच्या फटीत आणखी दोन.
एवढ्या जणांमधून मी
शीळ घालत आलो होतो.

वहीत नोंद केली:
क्रमांक दोनशे बारा. सुर्ला, कड्याखाली.
रंग उत्तम.
आणला नाही.