आक्रसण्याची सूट

उद्यमबागेत मी लाकडाचे पॅटर्न करतो,
पंपाचे, व्हॉल्व्हचे, येईल त्याचे.
निवताना बीड आक्रसतं,
म्हणून फुटामागं सूतभर लाकूड जास्त धरायचं.
कंपनीनं चार दिवस जपानला धाडलं, तेव्हापासून
बोलतानाही तेवढी सूट धरतो.
गोवावेसच्या टपरीवर परशा लगाडे विचारतो,
"भारी कुठलं गा, दोन्हीतलं?"

ओसाका, परशा.
चवथीच्या आदल्या रात्रीची गणपत गल्ली,
पण कुणाचा धक्का नाही.
मोरिता म्हणून एक ओतारी भेटला,
नखांत माझ्यासारखीच काळी वाळू.
गरम गोळे तोंडात कोंबून, जीभ भाजली की खिदळायचा.
माझा सोमवार. सांगू कसा?
दुकानातल्या केळ्याकडं बोट दाखवलं,
तर पठ्ठ्या पळत जाऊन दोन डझन घेऊन आला.

क्योतो तिथनं अर्ध्या तासावर.
खानापूर येतं बघ, तेवढ्यात.
उतरलो आणि आपला आवाज आपल्यालाच मोठा वाटला.
एक म्हातारा उकिडवा बसून
शेवाळावरचं एकेक पान बोटानं उचलत होता,
जसं कुणाच्या अंगावरचं उचलावं.
मोरिताच्या मावशीचं दार सरकलं ते कळलंच नाही.
सांधा शोधत मी चौकटीवर अंगठा फिरवला,
सापडला नाही.

मोरितानं आधीच बजावलेलं, फोनमधल्या बाईकरवी :
तिकडं "आणखी एक कप?" म्हणाले
की उठायचं असतं.
मावशी म्हणाली, "आणखी एक कप?"
मी अर्धा उठलो.
तिच्या हातात किटली तशीच.
धड उभा नाही, धड बसलेला नाही,
सत्तेचाळीस वर्षांत असा कधी अडकलो नव्हतो.
ती हसली का?
क्योतोत तेही झाकलेलं असतं.

एक गोष्ट टपरीवर सांगत नाही.
दोन्ही गावांत मला एक पाटी वाचता आली नाही.
इथं कुठली अक्षरं वर, कुठली खाली
यापायी बापानं दोनदा लाठी खाल्ली,
मी एकदा.
तिथं चार दिवस ठार अडाणी होतो
आणि मान अशी हलकी,
की मोर्चातल्या बापाची मला लाज वाटली,
मग लाज वाटल्याची.

वडगावात, भिंतीपलीकडं, गंगव्वा सवळगी.
त्या पाटीच्या वर्षापासून बोलणं बंद.
क्योतोचा कागदी पंखा एक उरला होता,
का कोण जाणे, नेऊन दिला.
तिनं तो उघडला, मिटला, परत उघडला.
"चा कुडदु होग्री."
प्यालो.
"इन्ना स्वल्प?"
माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले.
"कुंद्रि!" म्हातारी खेकसली,
"पळायला काय झालंय?"
मराठीत.

बसलो.
चहात साखर फार होती.